दिल्लीत डिझेल मोटारीचे गणित बिघडले

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात घर, शाळा, बाजार एवढीच धाव असलेल्या कुटुंबाने डिझेल मोटार घेणे आता व्यवहार्य राहिलेले नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. पेट्रोल गाड्यांना १५ वर्षांची मुभा होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये केवळ वयावरून होणाऱ्या कारवाईपासूनचे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. मात्र यंत्रातील अडचण आदेशाने सुटत नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या गाळणीत साठलेली काजळी जळण्यासाठी धुराचे तापमान बराच वेळ चढे राहावे लागते. दोन-तीन किलोमीटरच्या रखडत्या प्रवासात ते घडत नाही. गाळणी तुंबते, खर्च वाढतो. अशा वापरासाठी पेट्रोल इंजिनच सरस. सीएनजीचा पर्याय आहेच, पण बहुतेक गाड्यांत टाकी सामानाची जागा व्यापते.