नियम फक्त ताटाचाच का?



दशलक्षण पर्वात आपल्यातल्या कितीतरी जणी 10 उपवास करतात. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या आहेत. जिभेवर एवढा ताबा असलेल्या आपण मंडळाच्या बैठकीला मात्र पाऊण तास उशिरा येतो, आणि हिशेबाची वही महिनोन्‌महिने कोरी राहते. दुसऱ्यांना बोल लावत नाही हं. ती वही माझ्याकडेच होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही बायका येरमाळ्याहून कुंथलगिरीला दर्शनाला गेलो. मी बी.कॉम., म्हणून पैसे माझ्याकडे. गाडीभाडं, फळं, देणगी, सगळंच ‘रात्री लिहू’ म्हणून राहिलं. आठ दिवसांनी लिहायला बसले तर 340 रुपयांचा मेळच लागेना. मी गुपचूप स्वतःच्या पर्समधून घातले. रक्कम जुळली, पण वही खोटी झाली. मग जाऊबाईंनी सहज विचारलं, “फळांना एवढेच लागले का गं?” मला मान वर करता येईना.

पुढच्या बैठकीत सगळं खरं सांगितलं. कुणी रागावलं नाही. एक काकू एवढंच म्हणाल्या, “तेव्हाच बोलायचं होतंस.”

त्या दिवशी मी नियम घेतला: मंडळाचा पैसा हातातून गेला की संध्याकाळच्या जेवणाआधी रोजकीर्दीत लिहायचा. मुदत एक महिना. जेवण सूर्यास्तापूर्वी, त्यामुळे चालढकलीला जागाच नाही. दोनदा चुकलं. अतिचार लागला म्हणून व्रत सोडत नाहीत, आलोचना करून पुढे चालतात. तसंच केलं. महिन्याचे सहा झाले आणि आता वही लिहिल्याशिवाय घास उतरत नाही.

सवय लावायची ही रीत आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. नियम छोटा, मुदत ठरलेली, चार जणींसमोर घेतलेला, आणि रोज संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे मनाची रोजकीर्दच. आपण ती फक्त ताटापुरती वापरतो, एवढंच माझं म्हणणं.

कुणी म्हणेल, घरातल्या बाईला कसलं आलंय नेतृत्व? मला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाई आठवतात. आपल्याच जैन समाजातल्या. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि त्या आईसारखं त्यांचं करायच्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिलं. 1930 साली त्या गेल्या. त्यांची आठवण भाषणांसाठी किंवा पदासाठी निघत नाही. आपल्याला ते मंगळसूत्र तेवढं लक्षात राहतं. पण मला वाटतं, रोज परक्या लेकरांना आपलं म्हणून वाढणाऱ्या हातालाच ते काढणं जमलं. अपरिग्रहाची सवय आधीची, त्याग नंतरचा.

घरकामातून वेळ मिळत नाही, हे खरंच आहे. म्हणून तर मोठे संकल्प नकोत. या चातुर्मासात ताटाबाहेरचा एकच नियम घ्या. बैठकीला वेळेवर येईन. सुनेला चार माणसांत टोचून बोलणार नाही. चूक झाली तर त्याच दिवशी सांगेन. यातला एक, एक महिना.

माझा यंदाचा नियम दुसरा आहे. का, ते सूनबाईंना विचारा!