निवाऱ्याआधी माणूस हवा

उल्हासनगर मुळात बेघरांनीच वसवले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये छावणीचे शहर झाले. छपराइतकीच मोलाची होती ती सरकारदरबारची नोंद, कारण १९५४ च्या कायद्यानुसार नुकसानभरपाईचे दावे तिच्यावरच उभे राहिले. आज अंबरनाथ किंवा बदलापूर स्थानकाबाहेर रात्र काढणाऱ्याकडे अनेकदा ती नोंदच नसते. लाख लोकवस्तीमागे एक निवारा, हा निकष २०११ च्या जनगणनेला लावला तर तिन्ही शहरांना मिळून नऊ निवारे लागतात. पण नुसत्या इमारती बांधून भागणार नाही.

‘हे लोक निवाऱ्यात येतच नाहीत’, हा नेहमीचा आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. पण निवारा नाक्यापासून दूर असेल, तर पहाटेची मजुरी कोण सोडेल? शिवाय १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा पकडून डांबण्याची मुभा देतो, तेव्हा सरकारी गाडी दिसताच माणूस पळणारच. हा अविश्वास रोज तिथे जाणारा समाजकार्यकर्ताच कमी करू शकतो. बदलापूरच्याच रेल्वेमार्गावर, कर्जतला, डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करते आणि मग घर शोधून त्यांना पोहोचवते. उपचाराइतकेच कष्ट त्या पत्ता शोधण्यात असतात. पालिकांनी अंदाजपत्रकात बांधकामाशेजारी या कामाचा पगारही मांडावा. ‘बाहेरचे लोक गोळा होतील’ ही भीती निदान उल्हासनगरने तरी घालू नये.