बंदूक निघाली परदेशी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीचे कामगार शिरत होते, त्या वेळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी उभी होती. शेजारच्या गृहस्थांची मुलगी एका स्पर्धेसाठी परदेशी निघाली होती. वडील कारखान्यात फिटर. मुलीच्या हातात लांबलचक काळी पेटी. वॉचमनने कौतुकाने विचारले, "ताई, सतार का?" ती म्हणाली, "नाही काका, रायफल." वॉचमन दोन पावले मागे सरकला. मुंबईपासून पुढे अनेक माणसे अशीच मागे सरकणार होती. हे तिला ठाऊक होते, तिच्या वडिलांना नव्हते.

आपल्याकडे बंदूक म्हटले की दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात: दरोडेखोर किंवा वाघावर पाय ठेवून उभा असलेला संस्थानिक. दुसरे चित्र इतिहासजमा झाले. वाघाच्या शिकारीवर 1970 मध्ये बंदी आली आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचा जमाना संपवला. ज्याला अजूनही तो नाद आहे, तो दक्षिण आफ्रिकेसारखा देश गाठतो. तिथे उतरल्यावर बंदुकीच्या तात्पुरत्या परवान्यासाठी पोलिसांपुढे उभे राहावे लागते. म्हणून पुष्कळ शिकारी तिथलीच बंदूक भाड्याने घेतात. अमेरिकेत तर पाहुण्या परदेशी माणसाला बंदूक बाळगायला मुळात मनाई. शिकारीचा परवाना किंवा स्पर्धेचे निमंत्रण असेल तरच अपवाद, आणि त्यासाठीही आगाऊ अर्ज.

शिकाऱ्याचे भाड्यावर भागते, नेमबाजाचे भागत नाही. तिच्या रायफलीचा दस्ता तिच्या खांद्याच्या, गालाच्या आणि हाताच्या मापाने बसवलेला असतो. पॉइंट टू टू रायफलीच्या गोळ्यासुद्धा कोणत्या खेपेच्या आपल्या नळीला मानवतात, हे पारखून घ्यावे लागते. दुसऱ्याच्या चपला घालून मॅरेथॉन धावता येत नाही, तसेच हे.

हा खेळ आता परक्यांचा राहिलेला नाही. भारतीय रायफल संघटना 1951 मध्ये उभी राहिली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने. अंजली भागवत यांनी 2002 मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर वैयक्तिक खेळात महाराष्ट्राच्या मुलाला पदक मिळायला 72 वर्षे लागली. स्वप्नीलची नेमबाजी घडली ती आमच्या नाशकात. त्याच्या वडिलांनी कर्ज काढून सराव चालू ठेवला, हे आपण सर्वांनी त्या वेळी वाचले आहे.

हा कर्जाचा मुद्दा माझ्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला अजून टोचतो. शेजारचे गृहस्थ रायफलीसाठी माझ्याकडे सल्ला मागायला आले होते. मी मनाशी म्हटले, यांनी लेथ मशीन मागितले असते तर रकाना तयार होता. ट्रॅक्टर, म्हैस, पिठाची गिरणी, सगळ्यांना रकाना आहे. मुलीच्या रायफलीला नाही. शेवटी वैयक्तिक कर्ज, म्हणजे चढे व्याज.

आता त्या पेटीचा प्रवास पाहा. बंदूक रिकामी हवी, कुलूपबंद हवी आणि विमानाच्या पोटात जायला हवी; प्रवाशासोबत केबिनमध्ये कधीच नाही. काडतुसे वेगळी आणि भक्कम बांधलेली. दरडोई 5 किलोपर्यंत, तीही फक्त स्वतःच्या वापरासाठी. मायलेकींनी आपापले 5 किलो एकत्र करून 10 चालत नाही. विमान कंपनीची आगाऊ संमती लागते. एकाहून अधिक कंपन्यांची विमाने असतील तर प्रत्येकीची. मधल्या देशात नुसते विमान बदलायचे असले, तरी त्या देशाचा नियम पाहावा लागतो. निघताना कस्टम्सकडे रायफलीचा क्रमांक नोंदवून घ्यायचा; नाही तर परतताना स्वतःचीच वस्तू नवी आयात ठरायची. आणखी एक गंमत: ठरावीक मर्यादेच्या आतल्या एअर रायफलीला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, पण विमानतळावर तीही बंदूकच.

शेजारच्या मुलीचे सगळे कागद चोख होते. ती वेळेवर पोहोचली, रायफल मात्र मधल्याच विमानतळावर अडकली. ती आली ती सरावाचा दिवस संपल्यावर. दुसऱ्या दिवशी मुलगी थेट स्पर्धेला उभी राहिली आणि मागे पडली. चूक कोणाची? प्रत्येक खिडकीने पुढच्या खिडकीकडे बोट दाखवले. वडिलांचा हप्ता मात्र त्या महिन्यातही वेळेवर गेला.

म्हणून नियम सैल करा असे मी म्हणणार नाही. बँकेत असताना सुरक्षा रक्षकाची बारा बोअरची बंदूक आणि तिची काडतुसे मोजून वहीत सही करण्याचे काम माझ्याकडे होते. एक काडतूस कमी भरले की पोटात गोळा येई. ब्रिटनने 1996 मधल्या डनब्लेनच्या शाळेतील हत्याकांडानंतर जवळजवळ सगळी पिस्तुले बंद केली. तरीही 2002 च्या स्पर्धेसाठी नेमबाजांना खास परवानगी दिली. कडकपणा आणि समजूतदारपणा एकत्र नांदू शकतात, याचा हा दाखला.

बंदुकीशी संबंध नसलेल्यांनाही यात एक धडा आहे. आजोबांची किंवा फौजी मामांची जुनी बॅग उचलून प्रवासाला निघालेल्या माणसाच्या कप्प्यात एखादे विसरलेले काडतूस सापडते आणि विमानाऐवजी पोलीस ठाणे गाठावे लागते. जाणीवपूर्वक ताबा असल्याशिवाय गुन्हा होत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच सांगितले आहे. पण ते न्यायालयात सिद्ध होईपर्यंत माणूस झिजतो. तेव्हा बॅग भरण्याआधी ती उलटी करून झटका.

मागणे फार नाही. विमानतळावर खेळाडूंच्या शस्त्रांसाठी प्रशिक्षित माणसांची एकच खिडकी असावी. विमान कंपनीने संमती द्यायची ती साऱ्या प्रवासाची, लेखी द्यावी. पेटी मागे राहिली तर शोधायला जबाबदार माणूस असावा. आणि बँकांनी लेथ मशीनशेजारी रायफलीलाही एक रकाना ठेवावा. श्रीमंताचा मुलगा एक स्पर्धा हुकली तर दुसरीला जातो. फिटरच्या मुलीला दुसरे तिकीट कुठले?

ती परतली तेव्हा मी फाटकाशीच होतो. वॉचमन या वेळी मागे सरकला नाही. पेटीला हात लावू की नको, असा क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "ताई, द्या इकडे, जड असेल." ती म्हणाली, "नको काका. ही दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते."

एवढी शिस्त त्या मुलीने पाळली. आता तिच्या वाटेवरच्या खिडक्यांनीही आपली पाळावी.