जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे



काडेपेटीची लेबलं अधिक जुनी, म्हणून बबलगमच्या क्रिकेट कार्डांपेक्षा दुर्मीळ, हे आपल्या पत्रलेखकांचं म्हणणं मला पटत नाही. लेबलं देखणी असतात, वादच नाही. पण ती अमाप छापली गेली आणि हौशी लोकांनी वह्यांत चिकटवून जपलीही. ‘बिग फन’ बबलगमच्या कार्डांवर धावा आणि बळी असत, ते जमवून बक्षीस घेतलं की कार्डं हातची जात. उरली ती पोरांच्या खिशात झिजली.

किती उरलं, यावर मोल ठरतं. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५२च्या बेसबॉल कार्डांचा न खपलेला साठा समुद्रात बुडवला. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

माझ्याकडे ‘बिग फन’चं गावसकरांचं एकच कार्ड उरलंय. कोपरे मऊ पडलेत, मागे गमचा तेलकट डाग आहे. ३१ ऑक्टोबर १९८७ला इथे नागपुरातच व्हीसीए मैदानावर त्यांनी आपलं एकमेव एकदिवसीय शतक ठोकलं. चेतन शर्मांची हॅटट्रिकही त्याच सामन्यातली. नागपूरकरांना त्या कार्डाची ओढ वाटते ती यामुळे.

दिवाळीच्या सफाईत जुनी कंपासपेटी भंगारात देण्याआधी, आत एखादं कार्ड उरलंय का, ते एकदा उघडून पाहा, ही विनंती.

– एक वाचक, लकडगंज, नागपूर