गांवांचीं नांवें आणि कारागिरांचा इतिहास

आपल्या गांवास हें नांव कसें पडलें, असा प्रश्न वऱ्हाडांतील कोणत्याहि पेठेंत विचारावा, कीं एखाद्या ऋषीची, राजाची किंवा पांडवांची कथा तयारच असते. कथा गोड असते; पण गोडी म्हणजे पुरावा नव्हे. ज्या ऐकीव साक्षीवर कोर्टांत पांच रुपयांची डिक्रीहि मिळावयाची नाहीं, तिच्यावर सबंध गांवाचा इतिहास उभारणें सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजास शोभत नाहीं.

पुरावा कसा असतो हें पाहण्यास मोर्शीकरांस फार लांब जावयास नको. अचलपुराजवळ चम्मक नांवाचें खेडें आहे. तेथें सांपडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पांचव्या शतकांतील ताम्रपटांत भोजकट राज्यांतील, मधुनदीच्या कांठचें चर्मांक हें गांव ब्राह्मणांस दान दिल्याची नोंद आहे. जुनें नांव तांब्यावर, नवें लोकांच्या तोंडीं. दोन्ही ताडून पहावीं आणि निर्णय द्यावा. मात्र 'चर्म' शब्दावरून तेथें कातडीं कमावणाऱ्यांची वस्ती होती असें कोणी म्हणेल, तर तो केवळ तर्क होय; ताम्रपट तसें सांगत नाहीं. त्याचप्रमाणें अबुल फजलानें 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडाचें मूळ नांव वरदातट, म्हणजे वर्धा नदीचा कांठ, असें दिलें आहे. ही सोळाव्या शतकांतील लेखी साक्ष ग्राह्य खरी, पण अखेरची नव्हे.

गांवांच्या नांवांचा शोध घेणारे आम्ही कारागिरांच्या नांवांकडे मात्र ढुंकूनहि पहात नाहीं. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार, तैलिकाचा तेली. सूत्रधाराचा सुतार झाला. त्याचें नांव त्याच्या हातांतील मापाच्या दोरीवरून पडलें. हीं सारीं नांवें कामाचीं आहेत. या शब्दांच्या घडणींत विटाळाचा अगर उच्चनीचतेचा मागमूसहि नाहीं. तो शिक्का समाजानें मारला आणि मग शास्त्राच्या नांवावर खपविला. चांभारानें शिवलेला जोडा पायांत चालतो, पण चांभार ओसरीवर चालत नाहीं, हा कोणता न्याय?

हे धंदे बुडाले, ते कारागिरांच्या आळसानें नव्हे. 1853 सालीं वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला. पुढें 1861 ते 1865 या अमेरिकेंतील यादवीच्या काळांत येथल्या कापसास सोन्याचा भाव आला व त्याच सुमारास आगगाडी आली. कापूस ज्या वाटेनें बाहेर गेला, त्याच वाटेनें मँचेस्टरचें कापड आंत आलें, आणि साळी-कोष्ट्यांचे माग थंडावले. आलीच्या मुळांपासून तांबडा रंग काढणाऱ्या रंगाऱ्यावर घाव पडला तो जर्मनीहून. 1868 सालीं तेथील रसायनशास्त्रज्ञांनीं ॲलिझरीन कृत्रिम रीतीनें तयार केलें, आणि कांहीं वर्षांतच आलीचें पीक घेणें परवडेनासें झालें.

राजाचा ताम्रपट उरला. या माणसांचें काय उरलें? त्यांची नोंद असेल, तर ती व्यापाऱ्यांच्या मोडींतील रोजकीर्दींत व खतावण्यांत. रंगाऱ्यास दिलेली उचल, कोष्ट्याकडून घेतलेलीं लुगडीं, तेल्याचें राहिलेलें देणें, हीं कलमें क्षुल्लक दिसतात. पण इतिहास त्यांतूनच घडतो. आणि नेमक्या याच वह्या माळ्यावर वाळवीस पडतात, नाहीं तर रद्दीच्या तराजूंत जातात. ज्या घराण्यानें पै-पैचा हिशेब राखला, त्यानेंच तो किलोच्या भावानें विकावा, याहून मोठी बुडीत उधारी कोणती?

मोर्शीच्या व्यापारी मंडळींस आमची स्पष्ट सूचना अशी कीं, दिवाळीस नव्या वहीचें पूजन करण्यापूर्वीं जुन्या वह्यांची यादी करावी, मोडी वाचणारा माणूस मिळवावा व नकला करवून घ्याव्या. याच तालुक्यांतील रिद्धपूर येथें तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडून विचारून लोकभाषेंत उतरून ठेविल्या. तेथेंच 2024 सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें आहे. त्याच्या दारीं या नकला नेऊन द्याव्या. कारागिराच्या घामाचें देणें आपल्या पूर्वजांनीं चुकतें केलें असेल वा नसेल. त्याच्या नांवाचें देणें तरी आपण बाकी ठेवूं नये.