आरामखुर्चीचे पेटंट

आमच्या घरी आजोबांची एक आरामखुर्ची आहे. सागवानी, जाड कापडाची, हातावर चहाच्या कपांची वर्तुळे उमटलेली. तिच्या मागच्या दांडीसाठी चौकटीत तीन खाचा केलेल्या आहेत. पहिल्या खाचेत दांडी असली की आजोबा वर्तमानपत्र वाचीत. दुसऱ्या खाचेत गेली की पानसुपारी आणि आल्यागेल्याशी बोलणे. तिसऱ्या खाचेत गेली की घरातल्या मुलांनी पाय न वाजवता चालावयाचे. खाच बदलताना माझे बोट एकदा त्यात चेंगरले होते, त्याची खूण अजून आहे.

या खुर्चीला वकिलाची नोटीस आली आहे!

वाचकहो, फराळाच्या ताटासमोर कायद्याचे कागद पसरून मी तुमचा विरस करीत आहे, हे मला कळते. शिवाय माझा अधिकार तो काय? मी मॅट्रिक झालेली बाई. सातारा जिल्ह्यातल्या एका खाजगी शाळेत मुलांना मराठी शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. परंतु ज्यांना अधिकार आहे ते या विषयावर बोलताना फक्त आकडे सांगतात. म्हणून हा आगाऊपणा.

नोटीस अर्थात खुर्चीच्या नावाने नव्हती. ती आली आमच्या गावच्या वेल्डिंगच्या मिस्त्रींना. २०१९ साली आमच्या शाळेला वाचनालयातल्या दिव्यांसाठी आणि टाकीत पाणी चढवणाऱ्या लहानशा पंपासाठी दोन सौर पॅनेल मिळाली. ती गच्चीवर नुसती आडवी टाकली होती. डिसेंबरात पंप रडू लागला तेव्हा मुलांनी विचारले, "बाई, ऊन तर लख्ख आहे, मग पाणी का नाही?"

उत्तर भूगोलाच्या पुस्तकात होते. आमचे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसतरा-अठरा अंशांवर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य डोक्यावरून सुमारे एकेचाळीस अंश दक्षिणेला कललेला असतो. आडव्या पॅनेलवर ते ऊन तिरपे पडते आणि थेट उन्हाचा जवळजवळ चौथा हिस्सा फुकट जातो. पॅनेल अठरा अंश दक्षिणेकडे कलते केले तर तेच नुकसान आठ टक्क्यांवर येते. चाळीस अंश कलते केले तर राहतच नाही. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. त्या दिवसांत ते आडवेच बरे.

मी हे सारे मिस्त्रींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, विडी विझवली आणि म्हणाले, "म्हणजे आरामखुर्ची पाहिजे." आठ दिवसांत अँगलचा घोडा तयार झाला. पुढच्या कडेला बिजागरी, मागे टेकू, टेकू अडकवण्यासाठी पट्टीत तीन खाचा: थंडीची, मधल्या दिवसांची आणि उन्हाळ्या-पावसाळ्याची. खाच बदलणे हा आमच्या शाळेत सणच झाला. पुढे पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांनी तसेच घोडे करून घेतले. कोणाकडून नाव नाही, कोणाकडून मान नाही. लोखंडाचे पैसे आणि मजुरी.

आणि मग मोठ्या शहरातल्या एका कंपनीच्या वकिलाचे रजिस्टर पत्र आले. आमच्या अशिलांनी सौर पॅनेलचा कल बदलता येईल अशा आधार-सांगाड्याच्या पेटंटसाठी २०२२ साली अर्ज केलेला असून, आपण त्याची नक्कल करीत आहात, ती तत्काळ थांबवावी, अन्यथा वगैरे वगैरे. पत्र इंग्रजीत. मिस्त्रींनी ते माझ्याकडे आणले ते कपाळाला आठ्या घालून नव्हे, तर भिऊन. अर्ज प्रसिद्ध झाला तरी पेटंट मंजूर होईपर्यंत कोणावर दावा लावता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. पत्र धाडणाऱ्या वकिलाला मात्र खात्रीने ठाऊक असणार!

तो अर्ज मी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधून काढला. कोणालाही फुकट वाचता येतो. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन रात्री वाचला. पेटंटच्या अर्जात शेवटी 'दावे' असतात. बाकीची पाने म्हणजे मांडव. लग्न लागते ते दाव्यांशी. पहिल्या दाव्यात लिहिले होते त्याचे मराठी असे: एक चौकट, तिच्या पुढच्या कडेला बिजागरी, मागे टेकूदांडी आणि ती दांडी वेगवेगळ्या कोनांत अडकवण्यासाठी एकापेक्षा अधिक खाचा. मी मान वर केली. समोर आजोबांची खुर्ची होती.

आता मुद्द्यावर येते. सरकारी मराठीत पेटंटला 'एकस्व' म्हणतात, आणि शब्द मोठा बोलका आहे. जे सर्वांचे होऊ शकले असते ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे एकाचे. हा सौदा मला मान्य आहे. ज्याने खरोखर नवे शोधले आणि ते जगाला उघड करून सांगितले, त्याला वीस वर्षे फळ मिळावे. पॅनेल उन्हाकडे वळवण्याच्या विद्येतही खरे शोध आहेत. मैलभर पसरलेल्या पॅनेलच्या रांगा एका आसावर दिवसभर फिरवतात, तेव्हा विशिष्ट वाऱ्यात त्या रांगा पिळवटल्यासारख्या झुलू लागतात आणि मोडून पडतात. ते झुलणे थांबवण्याची युक्ती ज्याने काढली त्याने घाम गाळला आहे. त्याच्या पेटंटला माझा नमस्कार. माझे भांडण आहे ते खाचांशी. आणि त्याहून अधिक, खाचांवर शिक्का मारू शकणाऱ्या परीक्षेशी.

आमचा कायदा वाईट नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात साफ म्हटले आहे की, आपापले ठराविक काम आपापल्या परीने करणाऱ्या माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडामांड म्हणजे शोध नव्हे. बिजागरी माहीत, टेकू माहीत, खाच माहीत! सर्वोच्च न्यायालयाने तर १९७८ सालीच याहून स्पष्ट सांगून ठेवले आहे. तो खटला मिर्झापूरच्या भांडी करणाऱ्यांचा होता. लेथवर भांडे चरकताना ते निसटून उडू नये म्हणून त्याला पकडून ठेवणाऱ्या साधनाचे पेटंट १९५१ सालच्या अर्जावर एका कारखान्याने मिळवले होते. न्यायालय म्हणाले, ही कारागिराच्या हातून होणारी साधी सुधारणा आहे, शोध नव्हे. आणि पेटंट मिळाले एवढ्यावरून ते खरे असे गृहीत धरता येत नाही. निकाल उत्तम. पण १९५१ आणि १९७८ या दोन आकड्यांमधली वजाबाकी करा. कारागिराच्या एका आयुष्यातली कमाईची वर्षे किती असतात? अमेरिकेतही १९६६ साली नांगराच्या फाळाला आधार देणाऱ्या पकडीचे पेटंट त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने असेच रद्द केले होते. म्हणजे दुखणे एकट्या आपलेच नव्हे.

माझा भाचा पुण्यात याच धंद्यात आहे. तो म्हणाला, "आत्या, प्रत्येक शोध लागल्यानंतर सोपाच दिसतो. तू आरामखुर्ची पाहतेस, कारण उत्तर तुला आधीच कळले आहे." हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कित्येक खऱ्या शोधकांचा घात याच आंधळेपणाने झाला आहे. पण मिस्त्रींनी उत्तर कळण्यापूर्वीच खुर्ची म्हटले होते, आणि तेही अर्जाच्या तीन वर्षे आधी. सूर्याच्या मागे फिरण्याची गोष्ट तर विचारूच नका. अठराव्या शतकात जयपूरला सवाई जयसिंगाने जंतरमंतर बांधले. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, तिथल्या अक्षांशाइतकी, सत्तावीस अंश कललेली. आणि १८७८ साली मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्याच्या आपल्या बंगल्यात सपाट आरशांची रांग लावून बॉयलर तापवला आणि अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवले. आरशांचा तो सांगाडा सूर्य सरकेल तसा रुळावरून बॉयलरभोवती फिरवावा लागे. त्याच वर्षी मुंबईत त्याचे पुस्तकही छापले गेले. फ्रँक शूमनने १९१३ साली इजिप्तमध्ये मादीला सूर्यामागे आपोआप वळणाऱ्या लांबलचक आरशांच्या पन्हळी उभारून नाईलचे पाणी उपसले. एवढे सारे होऊन गेल्यावर कोणी 'सूर्याच्या दिशेने वळणारा सांगाडा' एवढ्यावरच हक्क सांगू लागला, तर त्याला आधी कुलाब्याला पाठवावे.

कुलाब्याचा पुरावा निदान छापलेला आहे. मिस्त्रींचा नाही, आणि सारी गोम येथे आहे. कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे परीक्षक शोध घेतो तो पूर्वी प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा आणि पूर्वीच्या अर्जांचा. म्हणजे कागदाचा. बिचारा परीक्षक! त्याच्यापुढे गठ्ठे. २०१४-१५ साली देशात सुमारे सहा हजार पेटंटे मंजूर झाली होती. २०२३-२४ साली लाखाहून अधिक, आणि त्याबद्दल पेढे वाटावेत तशा बातम्या आल्या. आमच्या शाळेचा निकाल एका वर्षात असा वाढला असता, तर गावाने आधी विचारले असते की पेपर कोणी तपासले! तुंबलेले अर्ज निकाली निघाले, परीक्षक वाढवले, हे खरे आणि चांगलेही. पण गठ्ठा कितीही झपाट्याने तपासला तरी आमच्या मिस्त्रींचा घोडा त्यात सापडणार कसा? तो कागदावर नव्हता. तो गच्चीवर होता.

यावर कायद्यात एक दार आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. 'ही वस्तू अर्जापूर्वीच भारतात उघड वापरात होती' हे त्या हरकतीचे एक मान्य कारण आहे. हे दार कित्येक वर्षे बिनपैशांचे होते. मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी त्याला फी लावली, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधी ठरवील अशी उंबरठ्यावरची चाळणीही बसवली. का? तर काही लोक दुसऱ्यांच्या नावाने खोट्या हरकती घेऊन अर्ज वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवीत. हेही खोटे नाही. पण चोर येतात म्हणून पाणवठ्याला कुलूप घातले, तर चोर कुंपणावरून उडी मारतात आणि घागर घेऊन आलेली बाई तेवढी परत जाते.

शिवाय त्या दारापर्यंत पोचावयाचे कसे? दर शुक्रवारी पेटंट कार्यालयाचे जर्नल निघते. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत. आमच्या मिस्त्रींनी शुक्रवारी भट्टी बंद ठेवून ते वाचावे अशी अपेक्षा आहे काय? गावात सात-बाऱ्यावर फेरफार करावयाचा झाला तर तलाठी चावडीवर नोटीस लावतो, मराठीत; कोणाची हरकत असेल तर त्याने येऊन सांगावे. गुंठाभर जमिनीसाठी एवढा विचार. आणि साऱ्या देशातल्या लोहारांच्या हातातली विद्या वीस वर्षांसाठी एकाच्या नावे चढवावयाची, तर चावडीवर एक कागदही नाही!

माझे मागणे फार नाही. शेतीची अवजारे, घोडे, सांगाडे, पकडी असल्या हातविद्येच्या अर्जांचा सारांश त्या त्या राज्याच्या भाषेत काढून आयटीआयच्या फलकावर लावा. जो स्वतः ती वस्तू करतो किंवा वापरतो त्याला हरकतीची फी माफ करा. आणि कायदा ज्याला 'त्या विद्येत कुशल असलेला माणूस' म्हणतो, ज्याच्या नजरेने एखादी युक्ती सहज सुचणारी की असामान्य हे ठरवावयाचे असते, तो माणूस परीक्षकाने कधीतरी डोळ्यांनी पाहावा. तो कोट-टाय घालीत नाही. त्याच्या पायांवर ठिणग्यांचे डाग असतात.

हे लिहितेपर्यंत अर्जाचा निकाल लागलेला नाही. मिस्त्री आता घोडे करीत नाहीत. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात. नोटिशीनंतर एका शेतकऱ्याने फारच गळ घातली तेव्हा त्यांनी एक सांगाडा करून दिला, पण खाचांविना. पक्का वेल्ड मारून. मी विचारले तर म्हणाले, "बाई, कल बदलायचा म्हटलं की हात थांबतो."

हरकत मी माझ्या नावाने दाखल केली आहे. फी एका कादंबरीच्या मानधनातून भरली. पुरावा म्हणून शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरच्या पानाची नक्कल जोडली. २०१९ सालच्या नोंदीत हेडमास्तरांच्या सहीनिशी लिहिले आहे: 'लोखंडी घोडा, तीन खाचांचा, नग १.' भाच्याचे म्हणणे असे की, एका शाळेची एक नोंद हलकी पडेल. आणखी दोनचार ठिकाणच्या हव्यात. तेव्हा माझी विनंती आहे. आपल्या शाळेत, ग्रामपंचायतीत, दूधडेअरीत किंवा मळ्यात २०२२ पूर्वी असा घोडा करून घेतला असेल, तर त्याचे तारखेसह बिल, रजिस्टरची नोंद किंवा फोटो शोधावा आणि या अंकाच्या संपादकांच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवावा. दिवाळीच्या साफसफाईत जुने कागद वर येतातच. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा चाळावेत. टपालखर्च मी देईन.