तळणीपेक्षा टोप बरा

जुईनगर, सानपाडा, नेरूळ या पट्ट्यात मासे खाण्याची हौस कमी झालेली नाही. मासे शिजवण्याची रीत मात्र बदलली आहे. इथल्या मूळ आगरी-कोळी घरांत रोजचा मासा टोपात शिजून, कालवण होऊन ताटात यायचा. तळलेली तुकडी पाहुण्यारावळ्यांसाठी असायची. आता मत्स्यथाळी म्हटली की रवा लावून कुरकुरीत तळलेली सुरमई किंवा पापलेट डोळ्यांसमोर येते. सोबत वाटीभर कालवण असते, तेही नावापुरते. जिभेच्या दृष्टीने हा बदल प्रगतीचा वाटत असेल. हृदयाच्या दृष्टीने तो तोट्याचा आहे.

मंद आचेवर, झाकण ठेवून, थोड्या रसात मासा शिजवण्याची रीत जगभरच्या कोळ्यांची आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर तिला ‘काल्देइरादा’ म्हणतात. विकून उरलेले, छोटे, मोडके-तोडके मासे घ्यायचे. कढईत कांदा, बटाटा, टोमॅटो आणि मासे यांचे थर लावायचे. वरून ऑलिव्ह तेल आणि थोडी वाइन घालून झाकण ठेवायचे. मध्ये ढवळायचे नाही. नाव पडले ते भांड्यावरून. १५१० ते १९६१ एवढ्या दीर्घ पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या स्वयंपाकघरात या रीतीला नारळाचे दूध, हळद, धने-जिरे मिळाले आणि ‘काल्दीन’सारखे सौम्य कालवण घरोघरी रुजले. उत्तर कोकणही या देवाणघेवाणीपासून दूर नव्हते. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि बेलापूरच्या किल्ल्यावरही काही काळ त्यांचा ताबा होता. आगरी मसाल्यातली लाल मिरची त्यांच्याच जहाजांतून या देशात आली, ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही त्यांचेच.

म्हणून कोळणीचे कालवण पोर्तुगीजांकडून आले असे कोणी समजू नये. टोपात मासा, चिंच किंवा कोकम, हळद, मीठ आणि बेताचे पाणी ही रीत इथली जुनीच आहे. दोन्हीकडे परिस्थिती सारखी होती: चांगला मासा बाजारात, उरलेला घरात, तेल महाग आणि सरपण कमी. या गरजेतून जी पद्धत निघाली, ती आजच्या वैद्यकाच्या कसोटीवरही उतरते.

याचे कारण माशाच्या रचनेत आहे. मटणात स्नायूंना बांधणारे कोलॅजेन भरपूर आणि चिवट असते, म्हणून ते तासभर शिजवावे लागते. माशात ते कमी आणि नाजूक असते. साठ अंशांच्या आसपास मांस शिजू लागते आणि दहा-बारा मिनिटांत काम होते. म्हणूनच जाणती बाई रस आधी उकळून घेते, मासे शेवटी सोडते आणि चमचा न घालता टोप दोन्ही हातांनी धरून हलवते. आंबटाचेही काम केवळ चवीचे नाही. माशाचा उग्र वास काही अमाइन द्रव्यांमुळे येतो. चिंच, कोकम किंवा व्हिनेगरमधले आम्ल त्यांना बांधून ठेवते, त्यामुळे वास कमी होतो आणि मांसही घट्ट धरून राहते. शिवाय माशातून जे बाहेर पडते ते रसातच राहते आणि भाकरीबरोबर पोटात जाते.

तळणीत हिशेब उलटा होतो. माशातले ओमेगा-३ स्निग्धाम्ल उष्णतेला आणि हवेला नाजूक असते. कढईतल्या तेलात त्यातले काही उतरते, काही खराब होते आणि त्या जागी तळणीचे तेल माशात शिरते. ते तेल पुन्हा पुन्हा तापवलेले असेल तर आणखी वाईट. २०१८ पासून देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनी तळणीच्या तेलातील ‘ध्रुवीय संयुगां’ना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती याचसाठी. गल्लीतल्या गाडीवर हे मोजतो कोण, हा प्रश्न वेगळा.

या फरकाचा पुरावाही आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ३,९१० व्यक्तींचा अनेक वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००३ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाजलेला किंवा तत्सम पद्धतीने केलेला मासा खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तळलेला मासा खाणाऱ्यांत हा फायदा दिसला नाही. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१८ च्या सल्ल्यात आठवड्यातून एक-दोनदा मासे खावेत असे सांगताना ‘न तळलेले’ हा शब्द मुद्दाम घातला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या, २५,८७१ जणांवरील ‘व्हायटल’ चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ ची कॅप्सूल घेऊन मोठे हृदयविकार लक्षणीय कमी झाले नाहीत. म्हणजे मासा तळून खायचा आणि भरपाईला औषधाच्या दुकानातून माशाच्या तेलाची बाटली आणायची, यात खर्च दुप्पट आणि लाभ संशयास्पद.

यात खिशाचा प्रश्नही आहे. हृदयाला उपयोगी स्निग्धाम्ले महागड्या पापलेटची मक्तेदारी नाहीत. बांगडा आणि तारली या तेलकट, तुलनेने स्वस्त माशांत ती भरपूर असतात. मांदेलीचा वाटा घेतला तर बारीक काट्यांसकट खाल्ल्याने कॅल्शियमही मिळते. ब१२ जीवनसत्त्वाची रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. बांगड्याच्या एका बऱ्या तुकड्यात ती सहज भागते. हातापायांना मुंग्या येतात म्हणून इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी जे मासे खाणारे आहेत, त्यांना ताटात काय असते हे विचारले जावे. ‘मासे चालतील’ एवढे लिहून डॉक्टरांचे काम संपत नाही. कोणता मासा, किती आणि कसा शिजवलेला, हे सांगितले तरच तो सल्ला.

कालवणाला सरसकट निर्दोष ठरवणेही चुकीचे होईल. गाऊट असलेल्यांनी मांदेली आणि तारली जपून खावी; त्यांतले प्युरिन रसातही उतरते, त्यामुळे ‘मासा नको, नुसता रस द्या’ ही पळवाट चालत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. सुक्या बोंबलाच्या कालवणात वरून मीठ टाकले तर ती एका जेवणात संपू शकते. नारळाचे वाटण बेताचे असावे. मधुमेह्यांनी कालवणापेक्षा त्याखालच्या भाताच्या ढिगाची काळजी करावी. गरोदर स्त्रियांनी मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण त्यांच्यात पारा साठतो. छोटे मासे इथेही सरस ठरतात.

सर्वांत दुर्लक्षित धोका शिळ्या बांगड्याचा आहे. बांगडा, तारली, कुपा या माशांत हिस्टिडीन भरपूर असते. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोके दुखते, धडधडते, अंगावर पित्त उठते. लोक समजतात माशाची ॲलर्जी आहे आणि जन्मभर मासा सोडतात. हिस्टामाइन उकळूनही नष्ट होत नाही. कोकम, चिंच, मसाला कशानेच नाही. त्यावर उपाय एकच, पकडल्यापासून टोपात पडेपर्यंत थंडावा.

इथे जबाबदारी केवळ गृहिणीची राहत नाही. सिडकोने १९७० नंतर इथे शहर वसवले आणि १९९२ मध्ये महापालिका आली. ज्यांच्या जमिनींवर नोड उभे राहिले, त्यांच्या लेकी-सुना आजही टोपली घेऊन बसतात. त्यांना नव्या फरशीपेक्षा आधी रोजचा स्वस्त बर्फ, वाहते पाणी आणि सावली द्यायला हवी. २०१८ मध्ये गोव्यात माशांवरील फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला, तेव्हा दिसले की बाजारात विश्वास गेला की प्रामाणिक विक्रेतीही भरडली जाते. ठाणे खाडीलगत औद्योगिक पट्टा आहे. खाडीतले मासे आणि विशेषतः पाणी गाळून जगणारी कालवे-शिंपल्या यांची नियमित तपासणी होऊन निष्कर्ष मराठीत, बाजारातल्या फलकावर लागले पाहिजेत. निवटीवर वाढलेल्या पिढीला आपल्या खाडीत काय मुरले आहे हे कळण्याचा हक्क आहे.

घरात करण्याजोगे मात्र आजच करता येते. आठवड्यातून दोनदा मासे, त्यांतला निदान एकदा बांगडा किंवा तारली. दोन चमचे तेलात कांदा-लसूण, टोमॅटो, हवा तर बटाट्याच्या फोडी. आगरी मसाला, कोकम, बेताचे मीठ. रस उकळला की मासे सोडून झाकण आणि दहा मिनिटे मंद आच. सोबत तांदळाची भाकरी. तळलेली तुकडी सणाला जरूर खावी. रोजच्यासाठी गरिबाघरचा टोपच पुरेसा श्रीमंत आहे.